हवा सोडायच्या जागा

उत्तरेचा वारा सुरू झाला की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात. वलांडी म्हणजे वाळूत रोवलेले बांबू आणि त्यांच्यामध्ये आडव्या ताणलेल्या दोऱ्या. त्यांच्यावर बोंबील वाळत घालायचे. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक या बाजूला लोंबतो, एक त्या बाजूला. लांबून पाहिलं तर किनाऱ्याला कुणी झालर शिवल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की वास येतो. तो वास मला घराचा वाटतो. माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण एकदा घरी आली होती, तिने लगेच रुमाल काढला. मला राग आला नाही. ज्याने त्याने आपापल्या घराचा वास जपावा.

यंदाही रजा काढून आले आहे. काल सकाळी आईबरोबर बोंबील घालत होते. वरच्या दोरीला पोचण्यासाठी डावा हात उंच केला आणि अंगठा आपोआप दाबला गेला. तिथे बटण नव्हतं, काहीच नव्हतं. आईने ते बरोबर पाहिलं.

"काय गो, मच्छर मारतंस का?"

मी हसले. अंगठ्याला तो हिवाळा आठवला होता, ज्या हिवाळ्यात मी पाण्यातून वर यायला शिकले.

पाण्यात जायला शिकले असं म्हणत नाही. समुद्राच्या काठी जन्मलेल्या मुलीला पाण्यात जायला कुणी शिकवावं लागत नाही. पण आमच्या घरात बाई होडीवर चढत नाही. मासा किनाऱ्याला लागला की तिथून पुढे आईचं राज्य. टोपली, पाटी, बाजार, गिऱ्हाईक, भांडण, सगळं तिचं. समुद्र मात्र बाबांचा. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात वाढले आणि शाळेत गेले. गावातल्या मराठी शाळेतून वसईच्या कॉलेजात गेले आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी घेतली. आमच्या घरात पदवी ही वस्तू पहिल्यांदाच आली होती. ती कुठे ठेवायची हेही कुणाला माहीत नव्हतं. बाबांनी ती देवांच्या फोटोशेजारी टांगली. तिच्यात काय लिहिलं आहे ते त्यांनी मला विचारलं नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवून सांगायचे, "ते पोरीचं."

त्यानंतर एक नोकरी समोर आली. कोकणच्या समुद्रात पोवळी आणि मासे यांची पाहणी करायची, त्यासाठी पाण्याखाली उतरायचं. माझ्या विषयाची, माझ्या मनासारखी नोकरी. पण तिला स्कूबाचं सर्टिफिकेट लागत होतं. सर्टिफिकेट मिळायचं तर मालवणच्या समुद्रात उतरून परीक्षा द्यायची होती. आणि मालवणला जायचं तर बाबांचा होकार हवा होता. त्यांच्या मनाविरुद्ध गेले असते तर त्यांनी अडवलं नसतं. पण ज्यांनी काही न विचारता मला इतकं लांब पाठवलं, त्यांना न विचारता पुढे जाणं मला जमणार नव्हतं.

आई तेव्हा जे बोलली ते आम्ही अजून घरात सांगून हसतो. "पान्यातून भायेर निगावी म्हनून शाला शिकवली, नि ही शिकून परत पान्यातच चालली!"

बाबा हसले नाहीत. ते जाळं विणत बसले होते. हातातली ओळ पुरी करून म्हणाले, "खाली जानं सोपं हाय, बाय. वर कशी येतंस ते मना दाव. मंग जा मालवनला."

एवढीच त्यांची अट. आणि नेमकं तेवढंच मला येत नव्हतं.

राजोडीच्या एका रिसॉर्टमध्ये ग्लोरिया मॅडम शिकवायच्या. त्या वसईतल्या माणिकपूरच्या. अंदमानात बरीच वर्षं डायव्हिंग करून परत आलेल्या, उन्हाने रापलेल्या, मोठ्याने हसणाऱ्या. शनिवार-रविवारी त्या रिसॉर्टचा तलाव पाहुण्यांचा असायचा. मधल्या वारी मोकळा. मी घरून आगाशीमार्गे रिक्षाने जायचे. सुरूच्या झाडांच्या काड्या गळून तलावाच्या पाण्यावर तरंगत असायच्या. मॅडम आधी जाळीने त्या काढायच्या आणि म्हणायच्या, "चल, झाडू मारून झाला. आता क्लास."

स्कूबा म्हटलं की लोकांना पाठीवरची टाकी दिसते. पण सगळी गंमत अंगातल्या जॅकेटमध्ये असते. त्या जॅकेटमध्ये हवा भरता येते आणि सोडता येते. भरली की माणूस वर राहतो, सोडली की खाली जातो. डाव्या खांद्यावरून एक जाड पन्हाळीदार नळी येते. तिच्या टोकाला दोन बटणं, एक भरायचं, एक सोडायचं.

इथपर्यंत मला कळलं. पुढचं अंगाला कळेना. खाली जाऊन थोडी हवा भरून मी छान तरंगायचे. पण मॅडमने अंगठा वर करून 'वर चल' अशी खूण केली की माझं बोट आपोआप भरायच्या बटणावर जायचं. वर जायचं म्हणजे हवा भरायची! लहानपणापासून मी हेच पाहिलं होतं. जाळं वर राहायला हवं तर त्याला बोया बांधायचा. अजून वर हवं तर अजून एक बोया. बोये धुण्यात, दोरीत ओवण्यात माझ्या कितीतरी सुट्ट्या गेल्या होत्या. त्या हातांना दुसरं काय सुचणार?

मग मी सुटलेल्या बोयासारखी झपकन वर यायचे. छातीत श्वास घट्ट धरलेला, डोळे मोठे झालेले.

"अगं बाई माझी!" मॅडम शेजारी येऊन ओरडायच्या. "हे रॉकेट कुठे चाललं? वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, मग आतली हवा फुगते. तू काही नाही केलंस तरी फुगते. आणि तू वरून अजून भरतेस! समुद्रात असं केलंस तर फुप्फुसं फुटतील. वर यायचं तर हवा सोडत यायचं. जॅकेटची पण आणि छातीची पण."

दाब आणि आकारमानाचा तो नियम मी अकरावीत पाठ केला होता. परीक्षेत आकृतीसकट लिहिला होता, पूर्ण मार्क मिळाले होते. बाईंनी पेपरवर 'छान' लिहिलं होतं. पण जे डोक्यात छान असतं ते हातापर्यंत उतरायला वेळ लागतो.

मॅडमने मला काठावर बसवलं आणि कोरड्यात शिकवायला घेतलं. हवा सोडायच्या तीन जागा असतात, म्हणाल्या. नेहमीची जागा म्हणजे ती नळी. डावा हात डोक्याच्या वर न्यायचा, नळीचं तोंड सगळ्यात उंच धरायचं आणि बटण दाबायचं. दुसरी जागा उजव्या खांद्यावर. तिथे एक दोरी लोंबते, ती ओढली की झडप उघडते. तिसरी पाठीमागे, कमरेच्या खाली. तिथे एक गोंडा असतो, हात मागे नेऊन चाचपून ओढायचा. डोकं खाली, पाय वर अशी अवस्था झाली तर तोच कामाला येतो.

"तीन कशाला मॅडम? एक पुरे नाही का?"

"हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. तू उभी असलीस तर ती खांद्याशी. उलटी झालीस तर कमरेशी. मग खांद्याचं बटण कितीही दाब, काय निघणार? हवा तिथे नाहीच. आधी बघायचं, आत्ता माझं उंच काय आहे. मग तिथलं भोक उघडायचं."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार आवडली. जॅकेटमध्ये फारच हवा झाली तर झडप स्वतःच उघडते, कुणाला न विचारता. नाहीतर शिवण फाटेल.

रिक्षाने घरी येताना त्या दिवशी मला आमचं घर आठवत राहिलं. आई ती आपोआप उघडणारी झडप. मनात काही साठलं की वलांडीवरच्या कावळ्यांना ती असं काही बोलते की शेजारची चार घरं ऐकतात. पाच मिनिटांनी तीच गुणगुणत चहा ठेवते. बाबांचं तसं नाही. त्यांची झडप पाठीमागे आहे, कमरेशी. सहज हाताला लागत नाही. राग असो, काळजी असो, ते उठून होडीकडे जातात आणि चांगल्या जाळ्याला परत टाके घालत बसतात. मी लहान असताना त्यांच्याशी बोलायला त्यांच्या समोर जायचे. मोठी झाल्यावर कळलं की समोर जायचं नसतं. शेजारी बसायचं, आपणही सुई हातात घ्यायची, तेव्हा कुठे एखादं वाक्य बाहेर येतं.

तसंच शेजारी बसून मी त्यांच्याकडून दोरीची गोष्ट ऐकली. तरुणपणी होडीच्या पंख्यात जाळं अडकलं की बाबा दम धरून खाली उतरायचे आणि कोयत्याने ते कापायचे. कमरेला दोरी बांधलेली. तिचं वरचं टोक माझ्या आजोबांच्या हातात. वरून एक ओढ आली की तिचा अर्थ, बरा आहेस ना? खालून एक ओढ दिली की बरा आहे. पाण्यावर एकदम मोठे बुडबुडे फुटले तर खालच्याचा दम सुटला, विचार न करता ओढून काढायचं. आणि ओढताना दोरी अचानक जड झाली तर माणूस कशात तरी अडकला आहे. तेव्हा मात्र ओढायचं नाही. सैल द्यायची. नाहीतर सोडवायच्या ऐवजी आवळला जातो.

"सैल देनं लय कठीन," बाबा म्हणाले. "हात ऐकत नाय."

हे सगळं मी मन लावून ऐकलं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध येईल असं तेव्हा वाटलं नाही.

मग मी वर कशी येते ते पाहायला बाबा तलावावर आले, तो दिवस. त्यांनी लग्नाला घालायचा पांढरा शर्ट घातला होता. डोक्यावर टोपी. एका हातात आईने दिलेला डबा आणि खांद्यावर दोरीचं वेटोळं. रिसॉर्टच्या रंगीत छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत ते असे बसले जणू ग्रामसभेला आले आहेत.

मॅडमने दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, इथे दोरी लागत नाही. मी तिच्यासोबतच खाली असणार."

"तुमी हाव, ते बरंच हाय, मॅडम बाय. पन दोरीपन असू द्या."

मॅडम वसईच्याच. काय बोलून उपयोग नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी दोरी माझ्या जॅकेटच्या खालच्या कडीला, कमरेशी बांधली आणि बाबांना बजावलं, "पण ओढायची नाही हां, काका."

"नाय ओढत," बाबा म्हणाले. त्यांच्या हातांनी मात्र दोरी बोटांभोवती गुंडाळून घेतली होती.

श्वासाचे बुडबुडे मी त्यांना आधीच दाखवले होते. त्यांना ते पटले होते. "ठेक्यात येतात," म्हणाले होते. जॅकेटच्या हवेचा विषय मात्र राहून गेला होता. तो ना माझ्या लक्षात आला, ना मॅडमच्या.

खाली गेले. निळ्या फरश्यांवर उन्हाच्या रेषा हलत होत्या. मॅडमने अंगठा वर केला. मी स्वतःला म्हटलं, बोया नाही, बोया नाही. डावा हात उंच नेला, नळी सरळ धरली आणि सोडायचं बटण दाबलं. बरोबर बटण! भसकन हवा निघाली आणि बुडबुड्यांचा मोठा गोळा वर गेला. मला इतका आनंद झाला की मी हसलेच, आणि मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं.

त्याच क्षणी कमरेला हिसका बसला.

वर बाबांनी काय पाहिलं हे मला आज कळतं. ठेक्यातले बुडबुडे थांबले आणि एकदम मोठे फुटले. म्हणजे पोरीचा दम सुटला. पुढचं त्यांच्या हातांनी केलं. दोरी कमरेला होती, त्यामुळे माझी कंबर वर आणि डोकं खाली. मी उलटी होऊन वर खेचली जात होते. जॅकेट अंगावर फुगत होतं. बटण दाबलं. काही नाही. उजव्या खांद्याची दोरी ओढली. काही नाही. छातीत श्वास धरला जाऊ लागला, जुन्या सवयीने. मॅडमचा हात माझ्याकडे येताना दिसला.

आणि मनात कुठूनसं आलं, आत्ता माझं उंच काय आहे? कंबर.

हात मागे गेला. गोंडा सापडला. ओढला. सगळी हवा माझ्या पाठीवरून गडगडत निघून गेली आणि मी दगडासारखी जड झाले. तोंडातून श्वास सोडत होते, लांबच लांब, आपोआप. मॅडमचा हात थांबला. त्यांनी तो मागे घेतला आणि नुसत्या पाहत राहिल्या.

दोरी ताणलेली होती. वरून ओढ, खालून माझं वजन. मला वाटलं आता अजून जोरात ओढतील. वर पाण्याच्या पलीकडे पांढऱ्या शर्टाचा हलता ठिपका दिसत होता.

मग दोरी सैल झाली.

मी हळूच खाली फरशीवर टेकले. सरळ झाले. आत एक श्वास, बाहेर एक श्वास. त्यांना वर ठेक्यातले बुडबुडे पुन्हा दिसले असणार. कारण थोड्या वेळाने दोरीला एक ओढ आली. एकच, हलकी. बरी आहेस ना?

मी हात खाली नेला आणि एक ओढ दिली.

त्यानंतर मी वर आले तशी आजवर कधी आले नव्हते. पाय हळू मारत, डावा हात उंच, थोडी थोडी हवा सोडत, माझ्याच लहान बुडबुड्यांच्या मागे मागे. त्यांच्या पुढे जायचं नाही असं मॅडम सांगायच्या. गेले नाही.

डोकं वर काढलं तेव्हा बाबा काठावर गुडघे टेकून बसले होते. शर्ट पुढून भिजला होता, टोपी पाण्यात तरंगत होती.

"जड लागलीस गो," म्हणाले. "उचलून जत्रेत फिरवायचो, तवा एवडी जड नव्हतीस."

मॅडम वर येऊन मास्क काढत म्हणाल्या, "काका, ओढायची नाही म्हटलं होतं ना!"

"हात ऐकले नाय, मॅडम बाय."

"पण सोडली कशी मग?"

"जड झाली ना," बाबा म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाची चटणी. रिसॉर्टच्या त्या छत्रीखाली आम्ही तिघं ओल्या हातांनी जेवलो. मॅडमने चटणी दोनदा मागून घेतली. बाबांनी जॅकेट मांडीवर घेतलं, तिन्ही जागा पाहिल्या, प्रत्येक दोरी ओढून पाहिली.

"म्हंजे वर यायचं तर हवा सोडायची?"

"हो."

"आनि आमी धरून ठेवायचो."

"तुम्ही वरून घेतलेला एकच श्वास धरून जायचात, बाबा. तुमचं ते बरोबरच होतं. मी खाली टाकीतला श्वास घेते, तो वर येताना फुगतो."

त्यांनी मान हलवली. मग जॅकेटच्या कडीची गाठ सोडायला घेतली. ओली गाठ ओढीने घट्ट बसली होती. मी हात पुढे केला तर त्यांनी करू दिलं नाही. बराच वेळ लागला. गाठ सुटली तेव्हा दोरीचं वेटोळं करत ते म्हणाले, "मालवनला ही पुरायची नाय. तितं पानी खोल."

मॅडमना वाटलं ते दोरीबद्दल बोलत आहेत. मला कळलं की तो होकार होता.

मालवणला गेले, परीक्षा दिली, ती नोकरी मिळाली. आज माझं काम पाण्याखालचं आहे. तिथे मी जे पाहते ते घरी येऊन आईला सांगते. पिवळे पट्टे असलेले, निळे ठिपके असलेले, पोपटाच्या चोचीचे मासे. ती लक्ष देऊन ऐकते आणि विचारते, "पन खातं कोन त्यांना?" सगळं आयुष्य मासे हाताळलेल्या या बाईने पोहणारा मासा कधी पाहिला नाही. म्हणून मी तिला सांगत राहते. बाबांचा फोन प्रत्येक डाइव्हच्या दिवशी येतो. इतर मुलींचे वडील विचारतात, जेवलीस का. माझे विचारतात, "हवा सोडलीस ना?"

मला कधीकधी वाटतं, त्या हिवाळ्यात मी शिकले त्याहून ते जास्त शिकले. मला एक बटण शिकायचं होतं. त्यांना आयुष्यभर आवळून धरलेली दोरी, मुलगी टोकाला असताना, सैल द्यायची होती. माझ्यामागे मॅडम होत्या. त्यांच्यामागे कुणी नव्हतं.

ती दोरी आज वलांडीला आहे. काल दुपारी एक बांबू वाऱ्याने कलला, म्हणून ती पुन्हा ताणून बांधायची होती. बाबा त्या टोकाला, मी या टोकाला. मध्ये बोंबलांच्या ओळी, त्यामुळे ते मला दिसत नव्हते. हल्ली त्यांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून हाक मारून उपयोग नाही. मी दोरी धरून उभी राहिले. आई कावळ्यांना शिव्या देत होती. बांबू करकरत होते.

हातातल्या दोरीला एक ओढ आली. एकच, हलकी.

मी एक ओढ दिली.